पालीचे गुरुजी : धर्मानंद कोसंबी



वर्धापनदिनी आपण तथागतांना फुले वाहतो, बाबासाहेबांना वंदन करतो आणि त्रिसरण-पंचशील सगळी वस्ती एका सुरात म्हणते. पण ही पाली आपल्या मुलखात शिकवली कोणी, असं पोरांना विचारलं तर ती गप्प बसतात. त्यात दोष पोरांचा नाही, आपण मोठ्यांनी सांगितलंच नाही. म्हणून यंदा आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांची आठवण लिहायला घेतली.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे, पण परिस्थिती ओढग्रस्तीची. शाळा फारशी झाली नाही. घरच्या नारळीच्या बागेचे काम अंगावर पडले. अशात बालबोध मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाने ठाव घेतला, की बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करत काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली नेपाळ गाठले, तिथे समाधान झाले नाही. मग बोधगया आणि तिथून थेट सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले, चीवर घेतले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचाही अभ्यास केला. खिशात पैसा नाही, ओळखीचा माणूस नाही, तरी श्रद्धा ढळली नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मागे घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्या ज्ञानाची किंमत या माऊलीनेही मोजली. गुरुजींना वंदन करताना तिला विसरू नये.

परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवण्याची चांगली नोकरी मिळाली. पण आपल्या मराठी माणसाला धम्म कळावा ही तळमळ. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा मोठा पगार सोडून हे आनंदाने आले! १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पुढे नावाजलेले पी. व्ही. बापट हे त्यांचेच विद्यार्थी. ज्याला शाळा धड मिळाली नाही, तो विशुद्धिमग्ग या ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगही भोगला.

आम्हा गिरणीवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढची. इतका मोठा पंडित मुंबईत आला तो बंगल्यात नाही, परळच्या कामगारवस्तीत येऊन राहिला. तिथे त्यांनी बहुजनविहार उभारला.

त्यांचा भगवान बुद्ध हा ग्रंथ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा मानत नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील भांडण, शस्त्राचा वीट, हे कारण तो पुढे ठेवतो. रोहिणीच्या पाण्याचा तंटा बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही आहे. दोघांनीही चमत्कार बाजूला सारून विचार करणारा बुद्ध आपल्यापुढे ठेवला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला गुरुजींचे निधन झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यांना पाहता आली नाही. लाखो लोक एका दिवशी बुद्धाला शरण गेलेले पाहून त्यांना केवढा आनंद झाला असता!

आता आपलं बघा. आपल्याला दीक्षा बाबासाहेबांनी दिली, ग्रंथ मराठीत तयार आहेत, विहार दाराशी आहे. अन्नछत्रात जेवायची पाळी आपल्यावर नाही. तरी वंदना तोंडपाठ आणि अर्थ विचारला तर खाली मान, हे बरं दिसतं का? आठवड्यातून एक तास विहारात बसून पोराबाळांसह एकेका गाथेचा अर्थ शिकू या. गुरुजींच्या फोटोला हार घालण्यापेक्षा हे अभिवादन मोठे, असे आम्हाला वाटते.

नमो बुद्धाय! जय भीम!