तात्या टोपे

रामचंद्र पांडुरंग टोपे ऊर्फ तात्या टोपे (जन्म : सुमारे इ.स. १८१४, येवला, मृत्यू : १८ एप्रिल १८५९, शिप्री, सध्याचे शिवपुरी) हे १८५७ च्या उठावातील एक प्रमुख सेनानी होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या सेवेत असताना ते उठावात सामील झाले. कानपूर, काल्पी, झाशी व ग्वाल्हेर येथील लढायांनंतर त्यांनी जवळपास दहा महिने माळवा, राजपुताना व बुंदेलखंड या प्रदेशांत गनिमी काव्याने इंग्रज फौजांना झुंजवत ठेवले. येवलेकर या नावानेही ते ओळखले जातात.

नाव आणि आडनाव

तात्या हे घरगुती, आदराचे संबोधन आहे. वडीलधाऱ्या पुरुषाला तात्या म्हणण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. इंग्रजी कागदपत्रांत या नावाचे तांतिया असे सानुनासिक रूप झाले आणि तेच उत्तर हिंदुस्थानात रूढ झाले. निमाड-खानदेशातील भिल्ल बंडखोर तंट्या याचेही नाव इंग्रजीत तसेच लिहिले जात असल्यामुळे दोन वेगळ्या काळांतील या दोन व्यक्तींची गल्लत काही ग्रंथांत झालेली दिसते.

टोपे या आडनावाविषयी तीन मते आहेत. बाजीरावांनी प्रसन्न होऊन तात्यांना रत्नजडित टोपी दिली, तिच्यावरून टोपे हे नाव पडले, अशी एक परंपरा आहे. तात्यांनी काही काळ तोफखान्यात नोकरी केली व तोफेवरून हे नाव आले, असे दुसरे मत आहे. तिसऱ्या मतानुसार हे घराण्याचे पूर्वापार आडनाव असून बाजीरावांशी त्याचा संबंध नाही. यांपैकी तोफेची व्युत्पत्ती इंग्रजी लेखनातून सुचलेली असावी. इंग्रजी लिपीत ट आणि त यांचा भेद राहत नाही, त्यामुळे टोपे आणि तोपे ही दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. मराठीत मात्र टोपी आणि तोफ या शब्दांची आद्याक्षरे वेगळी आहेत आणि मराठी लेखनात हे आडनाव ट ने सुरू होते. टोपीची कथा उच्चाराला जुळते. पण उच्चाराला जुळणारी कथा खरीच असते असे नाही. एखाद्या आडनावाचे कारण विस्मृतीत गेले की त्याच्याशी मिळत्याजुळत्या शब्दाभोवती आख्यायिका तयार होतात.

येवलेकर हे नाव त्या मानाने सरळ आहे. गावाच्या नावाला कर प्रत्यय लावून आडनाव करण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. गाव सोडून दूरच्या मुलुखात गेलेल्या कुटुंबाला अशा नावाचा विशेष उपयोग होई. बिठूरला महाराष्ट्रातून आलेली शेकडो कुटुंबे एकत्र राहत होती. तिथे केवळ पांडुरंगपंत म्हटल्याने ओळख पटली नसती; कुठले पांडुरंगपंत, हे सांगावे लागले असते. वडिलांच्या नावापुढे भट हा शब्दही लावलेला आढळतो. तो आडनाव नसून वैदिक विद्वत्ता व उपाध्येपण दाखवणारी उपाधी समजली पाहिजे. म्हणजे एकाच घराची भट, येवलेकर आणि टोपे अशी तीन नावे कागदोपत्री येतात आणि ती तिन्ही एकाच कुटुंबाची आहेत हे ध्यानात न घेतल्यास वंशाचा माग लावताना चूक होते.

जन्मस्थानाचा पुरावा

तात्यांचे जन्मस्थान येवला असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. त्याचा महत्त्वाचा लेखी आधार त्यांच्या स्वतःच्या जबानीत आहे. पकडले गेल्यानंतर १० एप्रिल १८५९ रोजी मुशैरी येथील छावणीत त्यांनी हिंदुस्थानी भाषेत जबानी दिली. तिच्या आरंभी नाव, वडिलांचे नाव, गाव व वय यांची नोंद आहे. वडिलांचे नाव पांडुरंग, वय सुमारे पंचेचाळीस, राहणार बिठूर, असे त्यांनी सांगितले. मूळ ठिकाण म्हणून छापील इंग्रजी भाषांतरात परगणा पाटोदा, जिल्हा नगर यांसह जोला असे एक गाव आले आहे.

जोला हे नाव नकाशावर शोधूनही सापडत नाही. मात्र परगणा आणि जिल्हा लक्षात घेतल्यास उलगडा होतो. पाटोदा हे येवल्याजवळचे गाव असून पूर्वी त्या परिसराचा महसुली विभाग त्याच गावाच्या नावाने ओळखला जाई. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. तोपर्यंत येवल्याचा परिसर अहमदनगर जिल्ह्यात मोडत होता. म्हणून १८५९ मध्ये येवल्याच्या माणसाने आपला जिल्हा नगर सांगणे स्वाभाविकच होते. पाटोदा नावाचे दुसरे ठिकाण बीड जिल्ह्यात आहे. पण बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे जबानीतील पाटोदा ते नव्हे. जोला हे येवला या नावाचेच लिप्यंतरात बिघडलेले रूप आहे, यात फारशी शंका उरत नाही. सांगणारा मराठी, भाषा हिंदुस्थानी, लिहून घेणारा मुनशी आणि भाषांतर इंग्रजी, अशा चार टप्प्यांतून गेलेले गावाचे नाव ओळखण्याइतके तरी शिल्लक राहिले, हेच विशेष.

जन्मवर्ष १८१४ हेही मुख्यतः याच जबानीतील वयावरून काढलेले आहे. ते अर्थातच अंदाजी आहे. त्या काळी वय सांगताना वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडत असे आणि काही लेखकांनी याहून वेगळी वर्षेही दिली आहेत.

शिरगणतीच्या जुन्या नोंदींतून अशा घराण्यांचा शोध घेण्याला भारतात मर्यादा आहेत. वायव्य प्रांतात, म्हणजे बिठूर ज्या प्रांतात होते तिथे, १८५३ व १८६५ मध्ये लोकगणना झाल्या. मुंबई इलाख्यात १८७२ ची गणना झाली. त्यांतून प्रसिद्ध झाले ते गावनिहाय व जातिनिहाय आकडे. घरोघरच्या माणसांची नावे नव्हेत. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घराण्यांचा माग लावण्यासाठी पेशवे दफ्तरातील कागद, इनाम व वतनाच्या सनदा, इंग्रज अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्या यांचाच आधार घ्यावा लागतो.

येवला ते बिठूर

येवला हे पैठणी, रेशीम व जरीकामासाठी प्रसिद्ध असलेले व्यापारी गाव. टोपे कुटुंब देशस्थ ब्राह्मण होते आणि पांडुरंगपंत दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. जून १८१८ मध्ये बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. कंपनी सरकारने त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन कानपूरजवळ गंगाकाठी बिठूर येथे ठेवले. त्यांच्याबरोबर आश्रित, पुरोहित, कारकून व शिपाई यांचा मोठा परिवार उत्तरेत गेला. पांडुरंगपंतांचे कुटुंब त्यांपैकी एक होते. तात्या त्या वेळी चार-पाच वर्षांचे असावेत.

बिठूरची ही वसाहत म्हणजे पुण्याच्या दरबाराची लहानशी प्रतिकृती होती. नानासाहेब व त्यांचे पुतणे रावसाहेब तेथेच वाढले. मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका, पुढील झाशीची राणी लक्ष्मीबाई, हिचेही बालपण तेथे गेले. तात्या, नानासाहेब व राणी हे तिघे बालपणीचे सवंगडी होते, असे लोकप्रिय वर्णन आढळते. राणीचे जन्मवर्ष १८२८ धरले तरी तात्या तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे ठरतात. तेव्हा ओळख असणे शक्य आहे, सवंगडीपण नव्हे.

बाजीरावांचे १८५१ मध्ये निधन झाले आणि कंपनीने निवृत्तिवेतन नानासाहेबांकडे चालू ठेवण्यास नकार दिला. त्या वेतनावर जगणाऱ्या सर्वच परिवारावर त्याचा परिणाम झाला.

१८५७ चा उठाव

जून १८५७ मध्ये कानपूरच्या पलटणींनी बंड केले व नानासाहेबांनी नेतृत्व स्वीकारले. वेढ्यात सापडलेल्या जनरल व्हीलर यांच्या लोकांना नावांतून अलाहाबादकडे जाऊ देण्याचे ठरले. परंतु २७ जून रोजी सतीचौरा घाटावर त्यांच्यावर हल्ला होऊन बहुतेक जण मारले गेले. या प्रसंगातील तात्यांची भूमिका हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. घाटावर हल्ल्याची आज्ञा तात्यांनी दिली, असे काही इंग्रजी वृत्तांतांत म्हटले आहे. नानासाहेबांच्या हुकुमावरून आपण चाळीस नावांची व्यवस्था करून सर्वांना नावांत बसवले आणि हल्ला शिपायांनी केला, असे तात्यांनी जबानीत सांगितले. ते घाटावर हजर होते, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

हॅव्हलॉकने कानपूर परत घेतल्यानंतर तात्यांचे लष्करी कर्तृत्व खऱ्या अर्थाने पुढे आले. त्यांनी शिंद्यांच्या राज्यातील ग्वाल्हेर कंटिंजंट ही कवायती फौज आपल्या बाजूस वळवली, काल्पीस तळ केला आणि नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस जनरल विंडहॅमचा पराभव करून कानपूर शहर ताब्यात घेतले. ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेलने त्यांना तेथून हुसकावले. पुढे चरखारीच्या राजाकडून त्यांनी २४ तोफा व तीन लाख रुपये मिळवले. झाशीचा वेढा उठवण्यासाठी ते सुमारे वीस हजारांची फौज घेऊन निघाले, पण १ एप्रिल १८५८ रोजी बेतवा नदीवर सर ह्यू रोजने त्यांचा पराभव केला. कूंच आणि काल्पी येथेही अपयश आले.

यानंतरची ग्वाल्हेरची चाल अनपेक्षित होती. शिंद्यांच्या सैन्याशी तात्यांनी आधीच संधान बांधले होते. १ जून १८५८ रोजी ते सैन्य लढण्याऐवजी रावसाहेब, राणी व तात्या यांना येऊन मिळाले. जयाजीराव आग्र्यास निघून गेले आणि ग्वाल्हेर शहर, किल्ला व खजिना उठावकऱ्यांच्या हाती पडला. हे यश तीन आठवडेही टिकले नाही. जूनच्या मध्यास राणी लढताना मरण पावली, ग्वाल्हेर पडले आणि जावरा-अलीपूर येथे नेपियरने तात्यांच्या तोफा काबीज केल्या.

दहा महिन्यांचा पाठलाग

येथून पुढे तात्यांनी समोरासमोरच्या लढाया टाळून सतत चालत राहण्याचे तंत्र अवलंबले. टोंक, बुंदी, भीलवाडा असे करत ते झालरापाटणला पोहोचले व तेथील राजाच्या तोफा आणि पैसा घेऊन पुन्हा सज्ज झाले. रॉबर्ट्स, मिचेल, पार्क, होम्स, सॉमरसेट अशा अनेक सेनाधिकाऱ्यांच्या तुकड्या वेगवेगळ्या दिशांनी त्यांच्या मागावर होत्या. प्रत्येक चकमकीत तात्यांच्या तोफा जात, माणसे पांगत. काही दिवसांनी दुसऱ्याच ठिकाणी नवी फौज उभी राही.

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस त्यांनी नर्मदा ओलांडली. पेशव्यांच्या नावाने दख्खन उठवावे, हा हेतू उघड होता आणि मुंबई सरकारला त्याची मोठी धास्ती वाटली. वाटा रोखलेल्या होत्या. नागपूरकडून उठावाला साथ मिळाली नाही. मेळघाटातून मार्ग मिळेना म्हणून ते पश्चिमेस वळून खरगोणला आले. येवला तेथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सातपुडा व तापी यांच्या पलीकडे होते. त्या दिशेला ते जाऊ शकले नाहीत. नर्मदा पुन्हा ओलांडून ते गुजरातच्या रोखाने गेले. १ डिसेंबरला छोटा उदेपूर येथे पार्कने त्यांना गाठले. जानेवारी १८५९ मध्ये शाहजादा फिरोजशाह येऊन मिळाला, पण २१ जानेवारीच्या सीकर येथील पराभवानंतर उरलेली फौज विखुरली.

अटक, खटला आणि मृत्यू

तात्या नरवरचा सरदार मानसिंह याच्या आश्रयाने पारोणच्या जंगलात राहिले. मानसिंहाचे भांडण शिंद्यांशी होते, इंग्रजांशी नव्हे. एप्रिलच्या आरंभी तो मेजर मीड याला शरण गेला आणि ७ एप्रिलच्या रात्री त्याने तात्यांना झोपेत असताना पकडून दिले. बरोबरचे दोघे निसटले.

शिप्री येथे लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. आरोप ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड व युद्ध केल्याचा होता. सतीचौरा घाटाचा त्यात समावेश नव्हता. काल्पीपर्यंत नानासाहेबांच्या व नंतर रावसाहेबांच्या आज्ञेने आपण लढलो आणि लढाईबाहेर कोणाही युरोपियनाच्या हत्येशी आपला संबंध नाही, असा तात्यांचा बचाव होता. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना फाशी देण्यात आले.

खटल्याच्या प्रारंभी लिहून घेतलेले गाव आणि वय यांना या ठिकाणी वेगळेच महत्त्व येते. बंड हा गुन्हा प्रजेचा असतो. तात्या १८१४ च्या सुमारास येवल्यास जन्मले असतील, तर त्यांचा जन्म पेशव्यांच्या राज्यात झाला होता. पुढेही त्यांनी पेशव्यांच्याच घराची चाकरी केली. इंग्रज इतिहासकार मॅलिसन यांनी नेमका हाच मुद्दा मांडून फाशीच्या न्याय्यतेविषयी शंका व्यक्त केली. दत्तक पुत्राचा हक्क नाकारणाऱ्या सरकारनेच त्या पुत्राच्या सेवकाला निष्ठेचा भंग केल्याबद्दल शिक्षा द्यावी, यातील विसंगती लक्षणीय आहे.

फाशी गेलेला मनुष्य तात्या नव्हताच, ही वदंता लगेच सुरू झाली आणि तात्यांच्या अज्ञातवासाच्या कथा उत्तर व पश्चिम भारतात अनेक ठिकाणी सांगितल्या जाऊ लागल्या. बहुतेक इतिहासकार ती मान्य करीत नाहीत. जबानीतील वडिलांचे नाव, गाव, वय आणि कानपूरपासूनच्या मोहिमांचा तपशील तोतयाला सांगता येण्याजोगा नाही.

वंशज व स्मारके

टोपे कुटुंबाचे वंशज येवल्यास परतले नाहीत. त्यांच्या शाखा बिठूर व अन्यत्र राहिल्या आणि टोपे हेच आडनाव त्यांनी पुढे चालवले. शिवपुरी येथे फाशीच्या जागी तसेच कानपूर येथे तात्यांचे पुतळे आहेत. गोडसे भटजींच्या माझा प्रवास या ग्रंथात आणि वि. दा. सावरकर यांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८५७ वरील ग्रंथात त्यांच्याविषयी मजकूर आहे. भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये उठावातील नेत्यांवर काढलेल्या तिकिटांमध्ये तात्या टोपे यांच्यावरील तिकीट होते.