थोर शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम

बल्बवर, इस्त्रीवर, विहिरीवरच्या मोटारीवर व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट असे शब्द लिहिलेले असतात. ही सगळी माणसांची नावे आहेत, बरं का! व्होल्टा इटलीचा, ॲम्पिअर फ्रान्सचा आणि वॅट स्कॉटलंडचा. यांच्याच पंक्तीला बसलेला चौथा म्हणजे जर्मनीचा ओहम. त्याची हकिगत इथे देत आहे.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. वडिलांचा धंदा कुलपे तयार करण्याचा. आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघेच जगली आणि जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही वारली. वडील शाळेत रीतसर शिकलेले नव्हते, पण स्वतःच पुस्तके वाचून ते गणित आणि विज्ञान शिकले होते. तेच त्यांनी जॉर्ज आणि मार्टिन या दोन्ही मुलांना घरी शिकवलं. मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. वडिलांच्या हाताखाली जॉर्जचा धातूच्या कामावरही हात बसला. हे काम पुढे त्याला पुस्तकाइतकंच उपयोगी पडलं.

१८०५ साली तो एर्लांगेनच्या विद्यापीठात गेला. तिथे मात्र अभ्यास राहिला बाजूला! नाचणे, बिलियर्ड खेळणे आणि बर्फावर घसरणे यातच त्याचा वेळ जाऊ लागला. वडील रागावले. आपल्याला मिळाली नाही ती संधी मुलगा वाया घालवतो, हे त्यांना कसे सोसणार? त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले आणि स्वित्झर्लंडला धाडले. तिथे एका शाळेत तो गणित शिकवू लागला, आणि स्वतःचा अभ्यासही त्याने चालू ठेवला. १८११ साली परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली.

पण पदवीने पोट भरेना. बांबेर्ग येथील एका साध्या शाळेत त्याला नोकरी मिळाली, तीही शाळा १८१६ साली बंद पडली. या काळात त्याने भूमितीचे एक पुस्तक लिहिले आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठवले. राजाला ते आवडले, आणि १८१७ साली ओहमला कोलोनच्या शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. त्या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. इथून त्याचे खरे काम सुरू झाले.

तारेतून वीज वाहते हे त्या वेळी सगळ्यांना माहीत होते. पण कोणत्या तारेतून किती वाहते याचा हिशेब कोणाला नीट मांडता येत नव्हता. अडचण अशी की त्या वेळच्या विद्युतघटाचा जोर टिकत नसे. तार जोडली की थोड्या वेळाने धारा आपोआप कमी होई. मग ती तारेमुळे कमी झाली की घटामुळे, हे कळणार कसं? पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला एक युक्ती सुचवली. बिस्मथ आणि तांबे हे दोन धातू एकमेकांना जोडायचे, एक जोड उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर विजेचा दाब सारखा राहतो.

धारा मोजायला आजच्यासारखे यंत्र नव्हते. ओहमने एक चुंबकसुई टांगली. तारेतून वीज गेली की सुई वळे. तिला पुन्हा जागेवर आणायला वरून किती पीळ द्यावा लागतो ते पाहून तो धारा मोजी. ही उपकरणे त्याने स्वतः तयार केली होती. कुलूपवाल्याचा मुलगा ना! मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक लावून त्याने १८२६ साली मापे घेतली. त्यातून नियम निघाला तो असा : दाब वाढवला की त्याच प्रमाणात धारा वाढते, आणि तारेचा अडथळा वाढला की त्याच प्रमाणात धारा कमी होते. या अडथळ्याला रोध म्हणतात. लांब तारेचा रोध जास्त, जाड तारेचा कमी.

त्यासाठी त्याने अर्ध्या पगारावर वर्षाची रजा घेतली आणि १८२७ साली बर्लिनला पुस्तक छापले. आता तरी विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याला आशा होती. पण पुस्तकाचे कोणी कौतुक केले नाही. निराश होऊन १८२८ साली त्याने कोलोनची नोकरी सोडली. पुढे काही वर्षे बर्लिनमध्ये गणिताच्या शिकवण्या करून त्याला दिवस काढावे लागले. १८३३ साली न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा कुठे मोठा मान त्याच्या वाट्याला आला. म्हणजे परक्या देशाने आधी ओळखले! म्युनिकच्या विद्यापीठात तो पदार्थविज्ञानाचा मुख्य प्राध्यापक झाला तेव्हा त्याचे वय ६३ होते. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले गेले.

आता हिशेब करून पाहू. व्होल्टला ॲम्पिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते. दोन सेलच्या बॅटरीचा दाब ३ व्होल्ट आणि तिच्या बल्बमधून ०.३ ॲम्पिअर धारा जात असेल, तर रोध १० ओहम आणि शक्ती ०.९ वॅट. मात्र बल्ब पेटलेला असतानाचा हा रोध आहे. बल्बमधली तार थंड असताना रोध पुष्कळ कमी असतो. (प्रयोग सेलवरच करावा. घरातल्या बोर्डाला कोणी हात लावू नये.)

घरातली वीज २३० व्होल्टची. तिच्यावर शेगडी ५ ॲम्पिअर धारा घेत असेल, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ ओहम, आणि २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॅट. तार तापून उष्णता किती निघते याचा नियम ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली छापला. त्याच्या रीतीने धारेचा वर्ग २५ गुणिले रोध ४६ केले तरी ११५० च येतात. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. म्हणजे ही शेगडी तासभर पेटवली तर १.१५ युनिट वीज जळली. आईवडिलांनी घरच्या बिलावर एका युनिटचा दर पाहून पुढचा गुणाकार करावा.