नांतचं फर्मान आणि राजा चौथा हेन्री

फ्रान्समध्ये १५६२ पासून तब्बल ३६ वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. देव एक, किताब एक, पण फिरके दोन. तह व्हायचे आणि वर्षा-दोन वर्षांत मोडायचे. यातला एक तह शेवटी टिकला, म्हणून तो करणाऱ्या चौथ्या हेन्रीची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

हेन्रीचा जन्म १५५३ चा, पो शहरातला. आईने त्याला प्रोटेस्टंट म्हणून वाढवलं. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसला कॅथलिक राजकन्येशी त्याचं लग्न लागलं आणि सहाच दिवसांनी लग्नाला आलेल्या प्रोटेस्टंट पाहुण्यांची कत्तल सुरू झाली. कॅथलिक होऊन त्याने जीव वाचवला. १५७६ मध्ये दरबारातून निसटून पुन्हा आपल्या फिरक्यात आला. १५८९ मध्ये गादी त्याच्याकडे आली, पण पॅरिस त्याला मानेना. १५९० मध्ये त्याने शहराला वेढा घातला, त्यात हजारो माणसं उपासमारीने मेली. हा डाग झाकता येत नाही. १५९३ मध्ये तो परत कॅथलिक झाला. यात राजकारण होतंच, पण आम्हाला वाटतं, त्याशिवाय लढाई थांबली नसती.

विरोधी सरदारांना त्याने पैसा आणि हुद्दे देऊन वळवलं. जुने साथीदार चिडले. चिडणारच!

१५९८ मध्ये नांतचं फर्मान निघालं. जुनं वैर कुणी उकरून काढायचं नाही. प्रोटेस्टंटांना ठरलेल्या ठिकाणी इबादत, सरकारी नोकरी, स्वतःचं कब्रस्तान. काही तटबंदीची शहरं आठ वर्षं त्यांच्या ताब्यात. जिथे कॅथलिकांची प्रार्थना बंद पाडली होती, तिथे ती पुन्हा सुरू. पॅरिसच्या न्यायालयाने वर्षभर आढेवेढे घेऊन फर्मान नोंदवलं, रुआँच्या न्यायालयाने तर १६०९ पर्यंत टाळाटाळ केली.

खरं काम त्यानंतरचं. राजाने प्रांतोप्रांती दोन-दोन अधिकारी पाठवले, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. प्रार्थनाघर कुठे, दफनाची जागा कोणती, असे गावागावातले झगडे दोघांनी मिळून सोडवायचे. काही प्रांतांत निम्मे-निम्मे न्यायाधीश असलेली कोर्टं बसवली. म्हणजे तक्रार घेऊन जाणाऱ्याला समोर आपला माणूसही दिसायचा.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. १६०९ पासून स्पेनने मोरिस्कोंना, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढलं. हेन्रीने फेब्रुवारी १६१० मध्ये हुकूम काढला : कॅथलिक म्हणून राहायला तयार असतील त्यांनी राहावं, बाकीच्यांनी बंदरावरून उत्तर आफ्रिकेला जावं. पण फ्रेंच जहाजवाल्यांनी अनेकांना लुटलं. त्या लुटीची दाद मागायला १६११ मध्ये मोरोक्कोहून अहमद अल-हजरी फ्रान्सला आले.

तोवर हेन्री उरला नव्हता. १४ मे १६१० ला पॅरिसच्या अरुंद गल्लीत एका कट्टर कॅथलिकाने त्याला बग्गीत भोसकलं. फर्मान मात्र लगेच मेलं नाही. १६२९ मध्ये तटबंदीची शहरं गेली, पुढे ती मिश्र कोर्टंही एकेक करून बंद झाली. १६८५ मध्ये हेन्रीचाच नातू चौदावा लुई याने फर्मान रद्द केलं, आणि दोनेक लाख प्रोटेस्टंट घरदार सोडून हॉलंड, लंडन, बर्लिनकडे निघाले.