रेव्ह. नारायण वामन टिळक : पोरक्या मुलांचा आधार

ज्या घरात बापाची सावली नाही त्या घरातील मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांस नवा नाही. कोणाचा बाप मृत्यूने नेला, कोणाचा दारूने नेला, आणि कोणाचा बाप जिवंत असूनही मुलास परका झाला. आपला समाज संख्येने लहान. पुष्कळ गावांत आपली घरे दोनचारच असतात; तेथे अशा मुलास हात देणारा चुलता किंवा मामाही जवळ नसतो. ज्यांची भजने आपण उपासनेत गातो, ते रेव्ह. टिळक असेच एक मूल होते.

त्यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८६९ पासून १८७३ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे मराठी शाळेत शिकले. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव मोठा तापट. आई जानकीबाई भाविक व प्रेमळ, आणि मुलाचा सारा जीव तिच्या ठायी. ती वारली तेव्हा नारायण अकराबारा वर्षांचा होता. आईबरोबर घरातील मायाही गेली. मुलाने घर सोडले व तो नाशिकास आला. बाप हयात असता तो पोरका झाला.

नाशिकास गणेशशास्त्री लेले नावाचे विद्वान गृहस्थ होते. ह्या मुलाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. तरी त्यांनी त्यास शिष्य करून घेतले व सुमारे दोन वर्षे संस्कृत काव्य शिकविले. पुढे नारायण तेथेच इंग्रजी शाळेत जाऊ लागला. परंतु सोळाव्या वर्षी कुटुंबाच्या पोषणासाठी शिक्षण सोडून त्यास शिक्षकाची नोकरी धरावी लागली. शास्त्रीबोवांचा सहवास थोडक्याच दिवसांचा, परंतु तो वाया गेला नाही. १८९१ साली नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम टिळकांस मिळाले ते ह्याच विद्येच्या बळावर, आणि महाराष्ट्रास एक थोर कवी मिळाला त्याचीही पायाभरणी त्या दोन वर्षांत झाली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे चरित्रातील एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या निश्चयामुळे पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांस अंतरले. सुमारे पाच वर्षे माता व पुत्र नातलगांच्या आधाराने राहिली. जो स्वतः बापावाचून वाढला, त्याचाच मुलगा बापावाचून वाढू लागला! तो वियोग टिळकांस किती जाचला असेल, हे ज्यांनी ख्रिस्तासाठी घरदार सोडले आहे त्यांस समजेल. अखेर देवाच्या कृपेने ती दोघे अहमदनगरास त्यांजकडे आली व १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. अहमदनगरच्या मिशनाने पुष्कळ अनाथ मुले पदरी घेतली. टिळकांचे घरही परक्या मुलांनी भरलेले असे. मिळकत थोडी, खाणारी तोंडे फार. तरी दार बंद झाले नाही, आणि त्या ओढाताणीचा मोठा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. ईश्वरविद्यालयात शिकविणे व १९०४ नंतर पाळकाचे काम करणे चालू असताही टिळकांचे मन मुलांत रमे. लोक त्यांस फुलामुलांचे कवी म्हणू लागले ते उगीच नव्हे.

१९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांस थक्क केले व बालकवी हे नाव मिळविले. टिळकांनी त्यास अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. तेथे त्यास घर मिळाले व काव्याची जाण असलेला एक वडीलधारा मिळाला. ठोंबरे हिंदूच राहिला, आणि त्याजवरील टिळकांची माया त्यामुळे उणी झाली नाही. लेलेशास्त्र्यांनी जे दिले होते, ते टिळकांनी असे पुढे दिले.

ता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस प्रभूमध्ये झोपी गेले.

आज आपल्या खेड्यांतील पुष्कळ तरुण कामासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे जातात. त्यांपैकी कित्येकांस बाप नसतो. भाड्याच्या खोलीत चौघेपाचजण राहतात. पगार झाल्यावर कोठे जावे हे दाखविणारे पुष्कळ भेटतात, परंतु जेवलास काय असे विचारणारा कोणी नसतो. उपदेशकबंधूंनो, असा मुलगा गाव सोडून निघाला की तेथील पाळकांस आधीच कळवावे. शहरातील बंधूंनो, एका जाणत्या पुरुषाने एकच मुलगा आपला मानावा. त्यास आपल्या घरी जेवावयास बोलवावे, पैसा कसा राखावा हे शिकवावे, आजारात त्याच्याजवळ बसावे, चुकला तर रागवावे, पण दार लावू नये. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. आई यूनीके व आजी लोईस ह्यांच्या विश्वासात तो वाढला, आणि पुढे पौलाने त्यास पुत्र मानून आपल्याबरोबर कामास घेतले. मंडळीस एक पाळक मिळाला तो असा.

नाशिकाच्या शास्त्र्यांपाशी त्या मुलास देण्यास विद्या होती. आपणापाशी विद्या नसेल, तरी एक भाकरी व एक तास आहे. तेवढ्याने आरंभ करावा.