रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि काळ्या पाषाणाचें वय

पाचाडाहून रायगडाकडे पाहिलें म्हणजे गडाचा काळा कडा एकसंध दिसत नाहीं. एकावर एक थर रचावे तशा पायऱ्या त्यावर दिसतात. पाचाडांत जिजामातेची समाधि आहे व त्या मातोश्रींच्या निधनाचें साल १६७४ हें शाळेंतील लहान मुलासही सांगतां येतें. परंतु ज्या पाषाणावर गड उभा आहे, त्याचें साल कोणत्या बखरींत पाहावें? हा प्रश्न महाराष्ट्रांत ज्यांनीं आरंभींच नेटानें हातीं घेतला, त्यांत एक मिशनरी शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या बाल-वाचकांस सांगावीशी वाटते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं झाला. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले व पुढील वर्षाच्या आरंभीं नागपुरास पोहोंचले. तेव्हां तेथें भोंसल्यांचें राज्य होतें. हिस्लॉप मराठी शिकले, त्यांनीं शाळा काढिली आणि धर्मोपदेशासाठीं खेडोपाडीं फिरूं लागले. पुढें रॉबर्ट हंटर हे सोबती त्यांस मिळाले. दगडगोटे पाहण्याचें काम या दोघांनीं शाळा व प्रवास सांभाळून केलें. त्यासाठीं त्यांस कोणी नेमिलें नव्हतें.

१८५१ सालीं नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथें फिरत असतां त्यांस काळ्या खडकाच्या दोन थरांमध्यें दबलेला एक पातळ थर आढळला, आणि त्यांत शिंपले! अशा शिंपल्यांची वार्ता माल्कमसन नांवाच्या गृहस्थांनीं पूर्वीं दिली होती. परंतु हिस्लॉप यांनीं ती जागा सोडिली नाहीं. काळा पाषाण म्हणजे पृथ्वीच्या पोटांतून वाहून आलेला व थिजलेला रस. त्यांत प्राणी सांपडावयाचा नाहीं, म्हणून त्याचें वय सांगणारी खूणही नाहीं. मात्र रसाचा एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. तेवढ्या अवधींत त्यावर तळीं सांचत, गोगलगाई व मासे नांदत, कांठीं झाडें वाढत. मग नवा लोट येऊन सर्व झांकून टाकी. सह्याद्रींत दोन थरांमध्यें तांबड्या मातीचा पट्टा पुष्कळ ठिकाणीं दिसतो, तोही अशाच विसाव्याची खूण होय. टाकळीचे शिंपले गोड्या पाण्यांतील होते. ते कोणत्या युगाचे हें ठरलें, कीं वरच्या व खालच्या पाषाणाचा काळही हातीं येणार होता.

नागपूरच्या भूस्तरांविषयींचा दोघांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. १८६० सालीं हिस्लॉप यांनीं त्या शिंपल्यांची तुलना गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीच्या शिंपल्यांशीं करून हे थर इओसीन युगाच्या आरंभींचे असावेत असें मत दिलें. आतां पाषाणांतील पोटॅशियमचा किती अंश आर्गॉन वायूंत पालटला हें मोजून वर्षें काढितां येतात, आणि त्या हिशेबानें दख्खनच्या काळ्या पाषाणाचें वय सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षें भरतें. इओसीन युग ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं सुरू झालें. म्हणजे त्यांचा अदमास सुमारें कोटिभर वर्षांनीं अलीकडे पडला. ज्यांच्यापाशीं वर्षें मोजण्याचें साधनच नव्हतें, केवळ आधीं काय व नंतर काय एवढेंच पाहतां येत होतें, त्यांचें हें उत्तर आम्हांस थोडें वाटत नाहीं. कोळशासोबतच्या वालुकाश्मांत मात्र ते अधिक चुकले. त्यांतील वनस्पति हंटर व त्यांनीं ज्युरासिक युगाच्या मानिल्या. त्या पुष्कळ जुन्या, पर्मियन युगाच्या ठरल्या. हा वाद त्यांच्या हयातींतच माजला होता, व १८६१ सालीं त्यांनीं त्यावर पुन्हां निबंध लिहिला.

दगडांइतकेंच लक्ष त्यांनीं गोंड लोकांकडे दिलें. त्यांचीं गीतें व चालीरीति ते टिपून ठेवीत. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटाजवळ मोठमोठ्या शिळांचीं प्राचीन वर्तुळें आहेत. तीं कोणीं व केव्हां मांडिलीं, याचा शोध त्यांस लागावयाचा होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं मध्यप्रांतांचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासह ते तेथें गेले. जवळच्या शाळेची तपासणी करावयाची म्हणून हिस्लॉप मागें राहिले आणि सायंकाळीं एकटेच घोड्यावरून मुक्कामास निघाले. पावसानें ओढा फुगला होता. घोडा मुक्कामीं आला; पाठीवर स्वार नव्हता. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला असतां त्यांचा असा अंत झाला.

त्यांचीं अप्रकाशित टिपणें टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविलीं. १८८३ सालीं नागपुरांत स्थापन झालेल्या कॉलेजास हिस्लॉप यांचें नांव देण्यांत आलें. शिलावर्तुळांचा प्रश्न मात्र शतकभर तसाच राहिला. १९६८-६९ सालीं नागपूर विद्यापीठानें टाकळघाट व खापा येथें उत्खनन केलें, तेव्हां जुन्या कोळशाच्या परीक्षेवरून तेथील वसति इसवी सनापूर्वीं सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची असल्याचें आढळून आलें.