राजर्षी शाहू छत्रपती आणि राखीव रान

करवीर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती यांचे जैन समाजावरील उपकार सर्वश्रुत आहेत. 1901 साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले ते त्यांच्याच उदार आश्रयाने, आणि त्यांचे पहिले विस्तृत इंग्रजी चरित्र 1924 साली लिहिले तेही आपल्याच समाजातील अण्णासाहेब लठ्ठे यांनी. तथापि सप्तव्यसनांत ज्या शिकारीचा निषेध आपण लहानपणापासून ऐकतो, तीच शिकार या थोर पुरुषाचा आवडता छंद होती. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे काहीच कारण नाही. उलट, रानातील जीव कोणाचे आणि त्यांना मारण्याचा अधिकार कोणाला, हा आज आपल्या शेतकरी बांधवांना छळणारा प्रश्न त्यांच्या जीवनचरित्रात फार स्पष्टपणे दिसतो.

कागलच्या घाटगे घराण्यात 1874 साली जन्मलेले यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. भावनगरचे भावसिंहजी तेथे त्यांचे सहाध्यायी व पुढे आयुष्यभराचे स्नेही. 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती आला. पुढील अठ्ठावीस वर्षांत शाहूपुरीची गुळाची पेठ, 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, राधानगरीचे धरण, सक्तीचे प्राथमिक शिक्षण अशी एकाहून एक मोठी कार्ये झाली. ती सर्वांना ठाऊक असल्याने येथे विस्तार करीत नाही.

शरीराने धिप्पाड, कुस्ती व अश्वारोहणाचे शौकीन असलेले महाराज पहाटेच रानात निघत. पाळलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याचा खेळ कोल्हापूर आणि भावनगर या दोन दरबारांत विशेष नावाजला होता. चित्त्यांची निगा राखणारे चित्तेवान हा दरबारातील एक मानाचा वर्ग होता. हिंदुस्थानातील चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा या दोन्ही दरबारांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. एक प्राणी सरत आला तर परदेशातून दुसरा आणावा, पण खेळ थांबवू नये, ही त्या काळच्या संस्थानिकांची दृष्टी होती. महाराजही या बाबतीत आपल्या काळाहून वेगळे नव्हते, असे नम्रपणे म्हणावे लागते.

राखीव रानांची रीत सर्वच संस्थानांत सारखी होती. रान दरबाराचे, रानातील जनावर दरबाराचे. पिकाचे नुकसान मात्र रयतेचे. दाजीपूरचे घनदाट जंगल छत्रपतींच्या शिकारीसाठी असेच राखले गेले. राखीव असल्यामुळेच त्यावर सर्रास कुऱ्हाड चालली नाही व गव्यांचे कळप टिकले, हेही तितकेच खरे आहे. हेतू हिंसेचा आणि परिणाम रक्षणाचा, असा हा विचित्र हिशेब आहे. आपल्या शास्त्राने भाव आणि कृती यांचा वेगवेगळा विचार का केला, हे अशा वेळी ध्यानी येते.

याच राजाने फासेपारध्यांना मात्र वेगळ्या नजरेने पाहिले. हरणे-तितर फाशात धरून पोट भरणारी ही जमात सरकारदरबारी गुन्हेगार ठरली होती. महाराजांनी त्यांना पहाऱ्याची कामे दिली, सोनतळीच्या परिसरात आसरा दिला. 1918 साली काही जातींवर लादलेली रोजची हजेरीही त्यांनी बंद केली. हौसेने मारणारा राजा आणि भुकेने मारणारा पारधी यांत दोष केवळ दुसऱ्यालाच लागतो, ही रूढ समजूत त्यांनी निदान आपल्या राज्यापुरती मोडली. आपल्या वाशीम जिल्ह्यातही अलीकडे काही फासेपारधी गवताळ माळराने राखण्याच्या कामी लागले आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच 1918 सालच्या जूनमध्ये महाराजांवर वज्राघात झाला. धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी, वय अवघे एकोणीस, घोड्यावरून रानडुकराचा पाठलाग करताना पडून मृत्यू पावले. विवाहास जेमतेम एक वर्ष झाले होते; सून इंदुमती अकरा-बारा वर्षांची. या प्रसंगास कर्मफळ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु पुत्रशोकात बुडालेल्या पित्याविषयी तसे बोलणे आम्हांस योग्य वाटत नाही. महाराजांनी रूढीची पर्वा न करता त्या बालविधवेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीस केली. दुःखाच्या त्या दिवसांत त्यांनी घेतलेला हा निर्णय आम्हांस त्यांच्या अनेक हुकुमांहून मोठा वाटतो.

6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. चित्त्यांचा खेळ त्यांच्या पश्चातही कोल्हापुरात चालू राहिला. स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर स्वतःच्या मालकीच्या शेतातही वन्यप्राणी मारण्याचा अधिकार कोणास उरला नाही. राजाचे रान गेले, पण रयतेचे नुकसान राहिले. किन्हीराजा, शिरपूर, कारंजा या पट्ट्यात रोही आणि रानडुकरे एका रात्रीत सोयाबीन-हरभऱ्याचे काय करतात, हे वाचकांस सांगावयास नको. 2015 साली शासनाने पिकांची नासाडी करणारे रोही व रानडुकर वनखात्याच्या परवान्याने मारण्याची मुभा दिली. संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांतील भेद आपणांस ठाऊक आहे. तरीही परवाना हाती घेण्यापूर्वी कुंपण, राखण आणि नुकसानभरपाईचा अर्ज हे मार्ग पुरते चोखाळले गेले काय, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे. काळविटांसाठी तर 2000 साली कारंजा-सोहोळ येथे सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले; मात्र अभयारण्याची सीमा हरणांना ठाऊक नसते.

दाजीपूरचे ते राखीव रान 1958 साली गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. 1985 साली त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले, आणि छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या झाडीतून आजही गव्यांचे कळप लगतच्या गावांच्या शेतांत उतरतात.