एकट्याची वाट : आल्फ्रेड वेनराइट



प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं असतं, जे मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता खिडकीपाशी बसतं आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी रेखाटत राहतं. पालकसभेत आपण त्याच्या आईवडिलांना ठरलेलंच सांगतो, की मूल हुशार आहे पण कोणात मिसळत नाही. मग आईवडील काळजीत पडतात आणि आपणही.

आज अशाच एका अबोल मुलाची गोष्ट सांगणार आहे. तो इंग्लंडमधला. शाळा तेराव्या वर्षी सुटली. पुढे तो एकट्याने शेकडो मैल माळरानं चालला, आणि त्याने हाताने काढलेले नकाशे घेऊन लाखो माणसं त्या वाटांनी गेली. त्याचं नाव आल्फ्रेड वेनराइट. गोष्ट प्रेरणादायी आहेच, पण तिला एक दुखरी बाजूही आहे. तीही सांगणार आहे, कारण ती आपल्या कामाची आहे.

गिरणीच्या गावातला मुलगा

आल्फ्रेडचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी ब्लॅकबर्न येथे झाला. हे उत्तर इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं शहर. धुराडी, भोंगे आणि एकाला एक चिकटलेली घरं. वडील दगडकाम करणारे गवंडी होते, पण हाताला काम नेहमी नसे आणि असलेला पैसा दारूत जाई. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. चार भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटा.

शाळेत तो हुशार होता. नकाशे काढण्याची त्याला भारी आवड. पण घरची परिस्थिती बघता पुढे शिकणं शक्य नव्हतं. तेराव्या वर्षी तो नगरपालिकेच्या कार्यालयात हरकाम्या पोऱ्या म्हणून लागला. दिवसा काम आणि रात्री अभ्यास अशी अनेक वर्षं काढून त्याने हिशेबतपासणीच्या परीक्षा दिल्या. आकड्यांत चूक चालत नाही, ओळ सरळ हवी, पान स्वच्छ हवं ही शिस्त त्याच्या हाताला तिथे लागली. ती पुढे कुठे कामाला आली, ते बघूच.

तेविसाव्या वर्षी पाहिलेले डोंगर

१९३० साली थोडे पैसे साठवून तो नात्यातल्या भावाबरोबर आठवड्याच्या सुट्टीवर लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात गेला. तिथे ऑरेस्ट हेड नावाची एक छोटी टेकडी आहे. ती चढून दोघे वर आले आणि समोर विंडरमियर सरोवर आणि त्यामागे डोंगरांच्या रांगा पसरलेल्या दिसल्या. धुराड्यांमध्ये वाढलेल्या या तरुणाने असं काही पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्याचं मन तिथेच राहिलं. १९४१ मध्ये त्या भागातल्या केंडाल गावी नोकरी मिळाली, तेव्हा पगार कमी असूनही ती त्याने घेतली.

१९३८ : अकरा दिवस, एकट्याने

मधली एक गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

उत्तर इंग्लंडच्या मधोमध पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिला इंग्लंडचा कणा म्हणतात. तिच्या माथ्यावर मूर पसरलेले आहेत. मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान. माळरान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली, भेगाळलेली जमीन येते, पण हे माळरान ओलं असतं. हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर तिथे साचलेला आहे. त्याला पीट म्हणतात. त्यावर गवत, शेवाळ आणि हेदरची खुरटी झुडपं. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हा सगळं माळरान जांभळं होतं. एरवी ते करडं, तपकिरी. आडोशाला झाड नाही आणि वारा सतत. धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. चालणाऱ्याला सोबत काय, तर मेंढ्या आणि पाखरांचे आवाज.

सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस वेनराइट सेटल या गावाहून एकटेच निघाले. उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनने बांधवून घेतलेल्या भिंतीपर्यंत चालत जायचं आणि चालतच परत यायचं, असं ठरवलं होतं. जाताना पेनाइनच्या पूर्व अंगाने, येताना पश्चिम अंगाने. मुक्काम आधी ठरवलेला नाही. संध्याकाळ झाली की जे गाव येईल तिथे दार ठोठवायचं आणि रात्रीपुरती जागा मागायची.

ते दिवस कसे होते, हे इतिहास शिकवणाऱ्यांना लगेच कळेल. म्युनिकची बोलणी चालू होती. युद्ध आज भडकेल की उद्या, या भीतीने सगळा युरोप रेडिओला कान लावून बसला होता. अशा वेळी एकतीस वर्षांचा एक कारकून पाठीवर पिशवी टाकून माळरान तुडवत होता. दिवसा पायाखालची वाट, संध्याकाळी एखाद्या अनोळखी घरात युद्धाची चर्चा. अकरा दिवसांनी ते परतले आणि या चालण्याचं वर्णन त्यांनी सविस्तर लिहून काढलं. लिहिलं आणि ठेवून दिलं! ते पुस्तक रूपाने आलं १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी. वाचकच नसताना माणूस इतकं मन लावून लिहितो, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

हाताने लिहिलेली पुस्तकं

१९४८ मध्ये ते केंडालच्या नगरपालिकेचे खजिनदार झाले. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी एक काम हाती घेतलं. लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांची वाटाड्या पुस्तकं लिहायची, एकूण सात, आणि त्यासाठी तेरा वर्षं.

गाडी त्यांना चालवता येत नव्हती. शनिवार-रविवारी बसने जायचं, दिवसभर एकट्याने डोंगर चढायचा, टिपणं घ्यायची. बाकीच्या दिवशी कचेरी सुटल्यावर घरी बसून पानं तयार करायची. नकाशा, चित्र, मजकूर सगळं शाईने आणि हाताने. छापखान्यात अक्षरजुळणी नाहीच, त्यांच्या हस्ताक्षरातलं पान जसंच्या तसं छापायचं. सुमारे शंभर पानं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ओळींच्या उजव्या कडा सरळ रेषेत येत नाहीत. दुसरा कोणी असता तर चालवून घेतलं असतं. यांनी ती सगळी पानं बाजूला टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खजिनदाराचा हात, दुसरं काय!

पहिलं पुस्तक १९५५ मध्ये आलं, प्रती दोन हजार. छपाईचा सगळा खर्च उचलण्याइतके पैसे नव्हते. पुस्तकं विकली जातील तसे पैसे द्यावेत, अशी सवलत छापखान्याने दिली. सातवं पुस्तक १९६६ मध्ये आलं. त्या सात पुस्तकांत २१४ शिखरं आहेत. ती सगळी चढून पुरी करणं हा आज तिथल्या चालणाऱ्यांचा छंदच झाला आहे.

काळ्या चिखलात

यानंतर ते पुन्हा पेनाइनकडे वळले. त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. हे मूर पूर्वी सर्वांना खुले नव्हते. बरेचसे जमीनदारांचे, ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतल्या तरुणांनी मनाई मोडून किंडर स्काउट या माळावर मोर्चा नेला. त्यातले काहीजण तुरुंगात गेले. १९३५ मध्ये टॉम स्टीफनसन या पत्रकाराने पेनाइनच्या माथ्यावरून सलग पायवाट असावी अशी कल्पना मांडली. ती वाट, पेनाइन वे, खुली व्हायला १९६५ उजाडलं. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. रविवारी मोकळ्या हवेत चालता यावं एवढ्यासाठी तीस-पस्तीस वर्षं झगडावं लागलं, बघा.

वेनराइट यांनी ही वाट तुकड्यातुकड्यांनी चालून १९६८ मध्ये तिचं पुस्तक केलं. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटसरूला सोपं जावं, म्हणून त्यातले नकाशे पानाच्या तळापासून वर वाचायचे. पण ही वाट काही त्यांच्या मनात भरली नाही. पाऊस आणि चिखल यांनी त्यांना पुरतं दमवलं. ब्लॅक हिल नावाच्या माळावर तर ते पीटमध्ये असे रुतले, की स्वतःहून बाहेर येता येईना. सुदैवाने राष्ट्रीय उद्यानाचा एक रखवालदार तिथून चालला होता, त्याने त्यांना ओढून काढलं.

एकट्याने चालण्याचं सुख आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्याच्या हाताने वाचवलं. हे त्यांनी लपवलं नाही, पुस्तकात लिहिलं. आणखी एक गंमत म्हणजे, पेनाइन वे पूर्ण करून शेवटच्या गावी, कर्क येथॉल्मला पोहोचणाऱ्याला तिथल्या खानावळीत एक पेला बिअर वेनराइट यांच्या खर्चाने मिळे. ज्यांना भेटायचीही त्यांची इच्छा नसे, त्यांचं बिल ते मरेपर्यंत भरत राहिले!

आज ब्लॅक हिलवर रुतायची भीती फारशी नाही. पेनाइन वेवर अशा दलदलीच्या जागी दगडी फरशा टाकल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून उचललेल्या आहेत.

समुद्रापासून समुद्रापर्यंत

१९७३ मध्ये त्यांनी स्वतः आखलेली वाट प्रसिद्ध केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीज गावापासून पूर्व किनाऱ्यावरच्या रॉबिन हुड्स बे पर्यंत, १९० मैल, म्हणजे सुमारे ३०५ किलोमीटर. वाटेत तीन राष्ट्रीय उद्यानं. आधी लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर, मग यॉर्कशरची खोरी आणि शेवटी नॉर्थ यॉर्क मूर्सचं विस्तीर्ण माळरान. तिथे काही मैल तर एका जुन्या, रूळ उखडलेल्या खनिज-रेल्वेच्या सपाट वाटेने चालायचं असतं. दोन्हीकडे हेदर, वर आभाळ. निघताना एका समुद्रात बूट भिजवायचे आणि पोहोचल्यावर दुसऱ्या समुद्रात, अशी प्रथाच पडून गेली आहे.

पण माझीच वाट चाला, असा वेनराइट यांचा हट्ट नव्हता. नकाशा समोर घ्या आणि स्वतःची वाट स्वतः आखा, असंच त्यांनी वाचकांना सुचवलं.

घरातली बाजू

आता ती दुखरी बाजू. १९३१ मध्ये त्यांचं रूथ या गिरणीकामगार मुलीशी लग्न झालं होतं. १९३३ मध्ये मुलगा झाला, पीटर. संसार सुरुवातीपासूनच जमला नाही. सुट्टीचे दिवस डोंगरावर, संध्याकाळी टेबलावर शाई आणि कागद. घरात बोलणं जवळजवळ नाही. १९६७ मध्ये, ते निवृत्त व्हायला काही आठवडे उरले असताना, रूथ घर सोडून गेल्या. १९७० मध्ये त्यांनी बेटी यांच्याशी दुसरं लग्न केलं, ते सुखाचं झालं. पुस्तकांचा बराचसा पैसा त्यांनी बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी दिला. पण मुलाशी अंतर राहिलंच. मृत्युपत्रातही त्याच्यासाठी काही ठेवलं नव्हतं.

शेवटी त्यांची नजर अधू झाली. रेषेत रेष जुळवणाऱ्या माणसाला पान दिसेनासं झालं. २० जानेवारी १९९१ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार बेटी यांनी त्यांच्या अस्थी हेस्टॅक्स या त्यांच्या आवडत्या डोंगरावरच्या छोट्या तळ्याकाठी विखुरल्या.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, ही बाजू गाळून गोष्ट सांगता आली असती. एकाग्रता, चिकाटी, निसर्गप्रेम असे तीन गुण फळ्यावर लिहिले की झालं. पण मग आपण मुलांना अर्धंच खरं सांगितलं असतं. एकट्याने चालणं वेगळं आणि घरच्या माणसांकडे पाठ फिरवणं वेगळं. पहिल्यातून वेनराइट यांची पुस्तकं आली. दुसऱ्याची किंमत रूथ आणि पीटर यांनी मोजली.

म्हणून खिडकीपाशी बसणाऱ्या मुलाला उगाच गर्दीत ढकलू नका. त्याच्या वहीचं मागचं पान मात्र एकदा मागून बघा आणि काय काढलं आहे ते त्यालाच विचारा. एकांत त्याचा त्याला राहू दे, पण परत येऊन सांगायला घरी आणि वर्गात कोणीतरी असू दे.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम देतो. प्रत्येकाने घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा हाताने काढायचा. झाड, वळण, दुकान, ओढा, कुत्रं बसतं ती पायरी, सगळं दाखवायचं. मोबाईलमध्ये बघायचं नाही. मग नकाशे अदलाबदल करा आणि दुसऱ्याचा नकाशा वाचून त्याची वाट तोंडी सांगायला लावा. जे मूल एरवी बोलत नाही, त्याचा नकाशा आधी घ्या.

(एकट्याने माळरानावर जाणं हे मोठ्या, तयारीच्या माणसांचं काम आहे, हेही मुलांना सांगायला विसरू नका. ब्लॅक हिलची गोष्ट त्यासाठीच आहे.)